चढावर खाली उतरणाऱ्यांची बाजू

सरचूहून पांग सुमारे ७८ किलोमीटर. पुण्या-नाशिकच्या सराईत सायकलस्वाराला नुसता हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, पहाटे निघू आणि जेवायला घरी येऊ. मनाली-लेह रस्त्यावरच्या या ७८ किलोमीटरसाठी मात्र भल्या सकाळी निघालेली धडधाकट माणसं दिवस कलायला आला तरी रस्त्यावरच असतात. काही जण मागून येणाऱ्या टेम्पोत बसून मुक्कामी पोचतात, आणि रात्रीच्या जेवणात मान वर करून कोणाशी बोलत नाहीत. टेम्पोत बसल्याची ही जी लाज आहे, ती मोडीत काढायला हवी. ती निरुपयोगी तर आहेच, आणि विशिष्ट उंचीच्या वर धोकादायकही आहे.

आधी हा दिवस काय असतो ते पाहू. सरचू ४,२९० मीटरवर. तिथून त्सराप नदीच्या काठाने वीस-बावीस किलोमीटर बरे जातात. वाटेत ब्रँडी नाला लागतो आणि मग सुरू होतात गाटा लूप्स, एकावर एक रचलेली २१ वळणं. खालून पाहिलं तर सगळ्यात वरचा ट्रक आगपेटीएवढा दिसतो. ही वळणं संपतात तेव्हा सुमारे साडेचारशे मीटर चढून झालेलं असतं आणि नवख्याला वाटतं, सुटलो. पुढे नकी ला ही खिंड येते, पाटीवर उंची १५,५४७ फूट. खिंडीपलीकडे रस्ता खाली उतरतो तो व्हिस्की नाल्यापर्यंत (ही नावं ठेवणाऱ्यांची संध्याकाळ कशी गेली असेल ते ओळखता येतं), म्हणजे घाम गाळून मिळवलेली उंची काही मिनिटांत हातची जाते. मग पुन्हा चढ. लाचुलुंग ला, १६,६१६ फूट, म्हणजे ५,०६५ मीटर. त्यानंतर पांगपर्यंत उतार आहे खरा, पण उखडलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर होतात.

दिवसभराच्या चढाची बेरीज हजार मीटरच्या आसपास भरते. आता महाराष्ट्रातला आंबेनळी घाट घ्या. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फार वर नाही आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये सलग बाराशे मीटरहून जास्त चढ! आपल्याकडची शेकडो मुलं-मुली, साठीतले काका आणि चाळिशीतल्या डॉक्टर बाई हा घाट सायकलवर चढून जातात आणि वर स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन परतही येतात. कागदावर पाहिलं तर आंबेनळी गाटा लूप्सच्या वरचढ आहे. गाटा लूप्सचा चढ तसा सौम्यच, कारण तो लष्कराच्या आणि तेलाच्या ट्रकांना झेपावा म्हणून इतका वळवत नेलेला आहे.

फरक हवेचा आहे. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. सराव, जिद्द, पुण्यात काढलेले सिंहगडाचे शंभर चढ यांपैकी काहीही हे गणित बदलत नाही. शरीर बदलतं, पण त्याला दिवस लागतात. नेमके तेच दिवस सहलींच्या वेळापत्रकांतून कापलेले असतात.

महाराष्ट्रात सायकलिंग पुन्हा बहरलं त्याला पंधरा-वीस वर्षं झाली असतील. त्याबरोबर एक बिरुद आलं: पाय न टेकता घाट काढला. सिंहगड पाय न टेकता, पसरणी पाय न टेकता, बोरघाट पाय न टेकता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, आणि त्या किताबाला मोल आहेच. शर्यत ही शर्यत असते. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. जवळजवळ ४,८०० किलोमीटरची ही शर्यत कोलोरॅडोत ३,३०० मीटरची वुल्फ क्रीक खिंड ओलांडते. या पराक्रमांनी हजारो माणसांना सायकलवर बसवलं. त्यांच्यामागे खाणं, पाणी, औषधं, झोपेचा हिशेब सांभाळणारा ताफा होता हे मात्र शनिवार-रविवारच्या सायकलस्वाराच्या ध्यानात राहत नाही. भर म्हणून बीआरएम या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्सचं घड्याळ. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले तर पदक, नाहीतर काही नाही. जे सायकलिंग या घड्याळाकडे बघत शिकले, ते हिमालयात जातानाही घड्याळ बरोबर घेऊन जातात.

गंमत अशी की डोंगरातल्या सायकल शर्यतीची सुरुवातच मुळी पायी चालण्याने झाली. टूर द फ्रान्सने पिरेनीज पर्वतात पहिलं मोठं पाऊल टाकलं ते १९१० साली. आल्फॉन्स स्टाइनेस या संयोजकाने ती कल्पना शर्यतीचे प्रमुख आंरी देग्रांज यांच्या गळी उतरवली. रस्ता पाहायला तो स्वतः गेला, तूरमाले खिंडीत बर्फात अडकला, कसाबसा जीव वाचवून खाली आला आणि त्याने तार केली की रस्ता उत्तम आहे, सहज जाण्याजोगा. संयोजकांची आशावादी वेळापत्रकं तेव्हापासूनची आहेत म्हणायला हरकत नाही.

२१ जुलै १९१० रोजी लुशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरचा टप्पा पहाटे अंधारात सुरू झाला. पेरसूर्द, आस्पाँ, २,११५ मीटरचा तूरमाले आणि शेवटी ओबिस्क, अशा एकामागून एक खिंडी. तूरमालेवर गुस्ताव गारिगू एकटा पाय न टेकता वर गेला, त्याला १०० फ्रँकचं बक्षीस मिळालं. त्याच्या पुढे खिंड ओलांडणारा ऑक्ताव्ह लापीझ मात्र चढाचा काही भाग सायकल ढकलत गेला होता. ओबिस्कवर तर लापीझ सायकल हातात धरूनच आला, आणि समोर दिसलेल्या संयोजकांना त्याने खुनी म्हणून शिवी घातली. मग तो पुन्हा सायकलवर बसला, १४ तास १० मिनिटांत टप्पा जिंकला आणि पुढे त्या वर्षीची टूरही जिंकली. बक्षीस पाय न टेकवणाऱ्याला मिळालं, शर्यत ढकलणाऱ्याने मारली. लापीझ पुढे पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला आणि १४ जुलै १९१७ रोजी मारला गेला.

१९१० च्या त्या टप्प्यानंतर तीन वर्षांनी त्याच तूरमालेवर युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरच्या मदतीला नियमांत बंदी. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून अधिक चालला, सांत-मारी-द-कांपाँ या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने फोर्क स्वतः जोडला. पंचांनी तरीही दंड ठोठावलाच, कारण भाता एका पोराने चालवला होता! क्रिस्तोफ ती टूर हरला, पण त्या वर्षी जिंकला कोण हे आज शर्यतीच्या चाहत्यांनाही आठवावं लागतं.

देग्रांज हे गिअरचेही वैरी होते. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, तरण्याबांड माणसाने स्नायूंच्या जोरावर चढावं, असं त्यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं. टूरमध्ये डिरेलर गिअरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तोवर शर्यतपटू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं लावत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं बसवत. याच काळात सेंत-एतियेन गावचा पॉल द विवी, टोपणनाव व्हेलोसिओ, स्वतः डोंगरात फिरून आणि आपल्या मासिकात लिहून गिअरचा कैवार घेत होता. लांबच्या सायकल प्रवासासाठी त्याने सात नियम सांगितले. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, अशा साध्या सूचना. आणि त्यांतच एक, की निव्वळ मिरवायला पॅडल मारू नका. शंभर वर्षांनंतर गिअरचा वाद व्हेलोसिओने जिंकलेला आहे. मिरवण्याचा अजून बाकी आहे.

तो बाकी आहे हे सायकल दुकानात कळतं. लांबच्या प्रवासाला निघालेला तरुण रोड बाइक घेतो. तिची पुढची लहान चकती ३४ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी २८ची. या गिअरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते. सामान लादून, साडेचार हजार मीटरवर, चढावर ताशी पाच किलोमीटर हा चांगला वेग. त्या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ३३ फेरे मारतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात उभं राहून सगळं वजन पॅडलवर टाकायचं, गुडघ्यांची वाट लावायची आणि छाती फुटेस्तोवर धापा टाकायच्या. जुन्या माउंटन बाइकवर पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांची जोडी असते. त्याच वेगाला पाय साठेक फेरे मारतात, बसल्या बसल्या. या सगळ्यात हलक्या गिअरला ग्रॅनी गिअर म्हणतात, आणि बहुधा नावामुळेच तरुणांना तो नको असतो. आजीचा गिअर लावून पांगला पोचलेला माणूस रात्री जेवू शकतो. ३४-२८वाला जेवणाकडे पाहूही शकत नाही.

सगळ्यांनीच गिअर लावावेत असंही नाही. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये डंकर्कहून दिल्लीला सायकलने निघाल्या, तेव्हा त्यांनी सायकलचे तीन गिअर काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, हा हिशेब. मग पाकिस्तानातली ४,१७३ मीटरची बाबुसर खिंड त्यांनी बव्हंशी सायकल ढकलत, ओढत, उचलत ओलांडली. त्या प्रवासावरचं त्यांचं ‘फुल टिल्ट’ हे पुस्तक १९६५ पासून वाचलं जातंय. इतकं चालूनही त्यांना कोणी सायकलप्रवासी म्हणायला कचरलेलं नाही. मर्फी २०२२ मध्ये गेल्या, नव्वदीत, आणि आयुष्यभर कुठे पोचायची घाई असल्यासारख्या त्या वागल्या नाहीत.

ढकलण्याला एक शारीरिक बाजूही आहे, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. उंचीवर ताशी पाच किलोमीटरने सायकल चालवणं आणि साडेतीन-चारने ती ढकलत चालणं यात फरक तासाला जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरचा. चालताना मात्र वेगळे स्नायू वापरले जातात, पाठ सरळ होते, पायात येऊ घातलेले गोळे मागे फिरतात. गाटा लूप्सची दोन वळणं चालवत आणि एक ढकलत गेलेला माणूस सलग चालवणाऱ्यापेक्षा फार मागे पडत नाही.

आता वेळापत्रकाकडे, कारण खरं दुखणं तिथे आहे. मनाली ते लेह सायकलने दहा-अकरा दिवसांत, अशी सहल सर्रास विकली जाते. डोंगरी वैद्यकातले जाणकार, अमेरिकेतली विल्डरनेस मेडिकल सोसायटी धरून, सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसभरात किती वर जाऊन आलात यापेक्षा झोपलात कुठे, हे महत्त्वाचं. आता नेहमीचं वेळापत्रक पाहा. जिस्पाला मुक्काम ३,३०० मीटरच्या आत-बाहेर, आणि दुसऱ्या रात्री थेट झिंगझिंगबार, ४,२७० मीटर. एका दिवसात जवळजवळ हजार मीटर. तिसऱ्या दिवशी ४,८९० मीटरचा बारालाचा ला ओलांडून सरचू, आणि लगेच चौथ्या दिवशी आपला हा गाटा लूप्स-नकी ला-लाचुलुंग लाचा दिवस. डोकं दुखतंय, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही, अशा अवस्थेत माणसं त्या दिवसाला सामोरी जातात. पांगला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ धड शिजत नाही. जे ताटात येतं ते मॅगी असतं आणि तेही पोटात राहत नाही.

उंचीचा त्रास वाढला तर उपाय एकच, खाली उतरणं. या रस्त्याची सगळ्यात मोठी अडचण नेमकी इथे आहे. सरचू खिंडींच्या मधे अडकलेलं आहे, एका बाजूला बारालाचा, दुसऱ्या बाजूला नकी आणि लाचुलुंग. पांगहून मनालीकडे उतरायचं तर आधी लाचुलुंगचे ५,०६५ मीटर चढा, लेहकडे उतरायचं तर तांगलांग लाचे ५,३२८. खाली जाण्यासाठी आधी वर जावं लागतं, ते गाडीतून गेलं तरी. पांगला लष्कराचा तळ आहे आणि तिथले जवान-डॉक्टर अनेकांच्या मदतीला धावतात, पण लष्कर तिथे आपल्या सहलीच्या वेळापत्रकाची डागडुजी करायला बसलेलं नाही.

गाटा लूप्सवर एक छोटंसं देऊळवजा ठिकाण आहे. तिथे पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. चालक सांगतात ती गोष्ट अशी: हिवाळ्याच्या तोंडावर एक ट्रक इथे बंद पडला, क्लीनर आजारी होता म्हणून त्याला ट्रकपाशी ठेवून चालक मदत आणायला गेला, बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि तो परतला तेव्हा क्लीनर गेलेला होता. तेव्हापासून त्याचं भूत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतं. बोरघाटातल्या शिंगरोबाला नाणं टाकून पुढे जाणाऱ्या मराठी माणसाला हे नवं नाही. घाटाला देव लागतोच. पण भुताचा भाग वगळून ही गोष्ट पुन्हा वाचावी. उंचीवर आजारी पडलेला माणूस, त्याला खाली नेण्याची सोय नाही, मदत उशिरा. डॉक्टरने लिहिलेला अहवाल याहून वेगळा नसता. बाटली वाहून पुढे निघालेला सायकलस्वार मात्र सकाळपासून ठणकणारं आपलं डोकं सहकाऱ्यांपासून लपवत असतो, कारण सांगितलं तर टेम्पोत बसावं लागेल.

आयोजकांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. लोकांना सुट्टी मिळत नाही. आठवडा आणि दोन बाजूंचे शनिवार-रविवार एवढंच जमतं. एक दिवस वाढवला की स्वयंपाकी, तंबू, गाडी, सगळ्याचा खर्च वाढतो आणि तेवढ्यावरून गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. हे खरं आहे. पण गिऱ्हाईक दुसरीकडे जातं कारण त्याच्यासमोर फक्त दिवस, किलोमीटर आणि रुपये मांडलेले असतात. सहलीच्या पत्रकात रोजच्या मुक्कामाची उंची आणि रोजचा एकूण चढ छापायला खर्च येत नाही. ३,३०० नंतर ४,२७० हे दोन आकडे एकाखाली एक छापलेले दिसले तर विचारणारे विचारतील. महाराष्ट्रातल्या सायकल क्लबांनी एवढा एक आग्रह धरला तरी पुष्कळ फरक पडेल. दरवर्षी लडाखला जाणाऱ्यांत मराठी माणसं थोडीथोडकी नसतात.

वेळापत्रक सुधारणं फार अवघडही नाही. जिस्पा आणि झिंगझिंगबारच्या मधे, दीपक तालच्या पुढे पटसेव आहे, ३,८०० मीटरच्या आसपास. तिथे एक मुक्काम केला तर हजार मीटरची उडी पाचशे-पाचशेच्या दोन टप्प्यांत येते. बारालाचा ओलांडल्यावर सरचूला एक दिवस नुसतं बसायचं. नंतरच्या दिवशी संध्याकाळी जाऊन गाटा लूप्सच्या पायथ्याशी तंबू टाकायचा, म्हणजे दुसऱ्या सकाळी वीसेक किलोमीटर आधीच खर्ची पडलेले असतात आणि दुपारचं बोचरं वारं सुटायच्या आत नकी ला मागे पडते. एकूण तीन दिवस जास्त. टेम्पो कुठवर थांबेल आणि दुपारी किती वाजता मागच्यांना गोळा करेल, हे आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवावं, म्हणजे गाडीत बसणं हा कोणा एकाचा पराभव न होता ठरलेल्या कार्यक्रमाचा भाग होतो.

आणि तीन दिवस खरोखरच नसतील तर लेहचा हट्ट सोडून सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत जावं. सतलजच्या आणि मग स्पितीच्या काठाने रस्ता हळूहळू वर जातो, ताबो ३,२८० मीटरवर, काझा साडेतीन हजारांच्या वर, आणि तब्येत बिघडली तर परतीच्या वाटेवर पाच हजारांची खिंड आडवी येत नाही. चढ तिथेही छातीवर येणारे आहेत. नाकोच्या चढावर ढकलत जाणाऱ्यांची रांग लागलेली दिसली तर आपणही खाली उतरून तिच्यात सामील व्हायला हरकत नसावी.